कोल्हापुरात मॅगव्हील बसवून घेतली: दुकानाचा अनुभव, व्हर्नियरसकट

साडेतीन स्टार. पाच का नाहीत ते पुढे येईलच, पण याच कामासाठी मी परत याच दुकानात जाईन, हे आधी सांगून टाकते. दुकान हायवेच्या सर्व्हिस रोडला, शिरोलीकडच्या बाजूला आहे. नाव घालत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही लिहिणार आहे आणि पुढच्या बॅलन्सिंगला मला तिथेच जायचंय.

गाडी २०१५ ची होंडा सिटी, पेट्रोल. लोखंडी रिम, १७५/६५ आर१५ चे टायर. टायर संपले होते, दोन रिम खड्ड्यांत आपटून वाकल्या होत्या, आणि घरात चिरंजीवांचा ‘मम्मी, मॅगव्हील’ (म्हणजे अलॉयची चाकं) हा जप चालू होता. सासऱ्यांचं म्हणणं, “आत्ताची काय चौकोनी हाईत व्हय?” पण टायर आणि दोन रिम असा खर्च होणारच होता, म्हणून एकदाचं करून टाकू म्हटलं.

मी गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये स्टँडर्ड रूम सांभाळते. बोअर मोजणं, गेज तपासणं, टॉर्क रेंच (नट नेमक्या जोरानं आवळायचा पाना) कॅलिब्रेट करणं हे रोजचं काम. त्यामुळे लिहिलेलं जरा खडूस वाटलं तर वाटू दे.

दुकान निवडताना मी फोनवर एकच प्रश्न विचारत होते: “सिटीच्या हबला चाकाची बोअर जुळते का?” (हब म्हणजे गाडीचा चाक बसतं तो भाग, बोअर म्हणजे चाकाचं मधलं भोक.) बहुतेकांचं उत्तर, “मॅडम, चार होल शंभर पीसीडी, डायरेक्ट बसतंय.” शंभर पीसीडी बरोबरच आहे. समोरासमोरच्या दोन स्टडच्या, म्हणजे नट चढतात त्या आट्यांच्या दांड्यांच्या, मध्यापासून मध्यापर्यंत १०० मिलीमीटर. पण स्विफ्टलाही चार होल शंभरच आहे आणि आय-ट्वेंटीलाही. या दोघींच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलीमीटरचा, सिटीचा ५६.१ चा. चाक गाडीच्या मध्यावर बसवायचं काम हा उंचवटा करतो. या दुकानाच्या मालकांनी फोनवरच सांगितलं, “तुमची छप्पन पॉइंट एक. आमच्या चाकाची सदुसष्ट पॉइंट एक येते. रिंग घालून देतो.” मी लगेच पत्ता विचारला.

बाजारातली चाकं कुठल्या एका गाडीसाठी ओतलेली नसतात. भोक मोठं ठेवायचं म्हणजे एकच चाक वेगवेगळ्या गाड्यांना विकता येतं, आणि राहिलेली फट हब रिंगनं भरायची. पद्धत चुकीची नाही, फक्त रिंग नेमकी हवी. आठ भोकांची चाकंही दिसतात, म्हणजे एकाच चाकावर १०० आणि १०८ अशा दोन पीसीडी. तीही मला दाखवली. चांगल्या कारखान्याची असतील तर चालतात म्हणे, पण मधल्या पट्टीत भोकांच्या शेजारी भोकं बघून मला बरं वाटेना, म्हणून चारच भोकांची घेतली.

साइजवर मी फार डोकं लावलं नाही. याच सिटीच्या २०१७ च्या फेसलिफ्टमध्ये वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/५५ आर१६ देत होती. हिशेब करून बघा (पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास इंचात): जुन्या चाकाचा टायरसकट व्यास ६०८.५ मिलीमीटर, नव्याचा ६०९.९. स्पीडोमीटरला कळणारसुद्धा नाही. मालक १७ इंचीचा आग्रह धरत होते, “लूक नादखुळा येतोय.” १६ इंचीलाच टायरची भिंत १२ मिलीमीटरनं कमी होते. आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर याहून कमी रबर घेऊन फिरणं म्हणजे रिमवाल्यांची सोय करणं. ऑफसेटही पाहिला. चाकाच्या मागे ‘ईटी’ लिहून पुढे आकडा असतो. तो जुन्यापेक्षा बराच कमी असला की चाक बाहेर येतं, दिसायला रुबाबदार दिसतं आणि बेअरिंगवर लांबून भार पडतो. ज्या डिझाइनवर चिरंजीवांचा डोळा होता ते याच कारणानं बाद झालं. घरी येईपर्यंत अबोला.

चाकं उलटी करून दाखवायला त्यांनी कुरकुर केली नाही, याचा अर्धा स्टार. कोल्हापुरात राहून फाउंड्रीचं ओतकाम पाहायची सवय नसेल तर नवल. आऱ्यांच्या मुळाशी, स्टडच्या भोकांभोवती आणि टायर बसतो त्या कडेला बघायचं: बारीक छिद्रं, रंगाखाली भरलेली पुट्टी, ओतीव धातूची सुरकुती. एका चाकाच्या आतल्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी दोन ब्लो होल (ओतताना हवेनं पडलेली छिद्रं) दिसली. बदलून मागितलं, दिलं. मागे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी चाचण्यांची चिन्हं होती, आणि लोड ५८० किलो. टायरचा लोड इंडेक्स ८३, म्हणजे एका टायरला ४८७ किलो, तेव्हा चाक टायरच्या वर आहे. चिन्हांचं म्हणाल तर साच्यात अक्षरं कोरायला काहीच लागत नाही, म्हणून मी चिन्हापेक्षा पक्कं बिल आणि बॉक्सवरच्या कारखान्याच्या नावावर जास्त भरवसा ठेवते.

दुकानाच्या काट्यावर एक गंमत केली. जुनी लोखंडी रिम आणि नवं मॅगव्हील, दोन्ही नुसतीच ठेवून पाहिली. लोखंडी ७.९ किलो, मॅगव्हील ८.६. ‘अलॉय म्हणजे हलकं, ॲव्हरेज वाढतं’ हे सांगणाऱ्या मालकांनी काट्यावर हात ठेवून पाहिला, काटा बरोबर होता. एक इंच मोठं आणि साध्या ओतकामाचं चाक हलकं नसतंच. दिसतं छान, एवढंच.

आता रिंग. फिटर पोरगा हुशार होता, हाताला चपळ. त्यानं डब्यातून रिंग काढली, चाकात दाबली, चाक हबवर चढवलं. मला चाक बसताना जो हलकासा अडखळा लागायला हवा तो दिसला नाही.

“रिंग काढ बरं परत.”

“बसलंय की ताई. हलतंय कुठं?”

व्हर्नियर (बारीक माप घ्यायची मोजपट्टी) लावला: आतला व्यास ५७.१. फोक्सवॅगन पोलोची रिंग. पोलोचा हब ५७.१ चा असतो. डब्यात दोन्ही एकत्र पडलेल्या, रंगही सारखाच. पोरगा म्हणाला, “एकच मिलीमीटर तर हाय.” व्यासात एक, म्हणजे मध्यापासून अर्धा. तिथेच त्याच्या बिलबुकाच्या मागे मांडून दाखवलं. टायरसकट चाक साधारण साडेसोळा किलोचं. ताशी १०० किलोमीटरला ते सेकंदाला साडेचौदा फेऱ्या मारतं. मध्य अर्धा मिलीमीटर सरकला तर दर फेरीला सुमारे ७० न्यूटन, म्हणजे सात किलोचा हिसका. रिमच्या कडेवर चाळीस ग्रॅमचं वजन लावायचं राहिलं तर जे होईल तेच. पोरानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग बॅलन्सिंगला कसं काय दिसत न्हाई?” इतका चांगला प्रश्न मला दुकानात कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. बॅलन्सिंग मशीनवर चाक शंकूनं मधल्या बोअरमध्ये धरलेलं असतं, तिथे ते अगदी मध्यावरच फिरतं. मशीन शून्य दाखवणार. गाडीवर मात्र मध्य वेगळा. म्हणूनच मॅगव्हील घातल्यावर ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरतं म्हणून लोक परत परत बॅलन्सिंग करत बसतात आणि थरथर तिथेच राहते.

एक मात्र न्यायानं सांगायला हवं. रिंग गाडीचं वजन पेलत नाही. नट बरोबर आवळले की चाक हबच्या तोंडावर दाबलं जातं आणि त्या दाबातल्या घर्षणावर सगळं चालतं. नटाचा उतार शंकूसारखा असतो, तो स्वतःही चाक मध्यावर ओढतो. गाडी जॅकवर असताना, हातानं, समोरासमोरचे नट आळीपाळीनं घेत आवळलं तर रिंगशिवायही चाक बरंच मध्यावर येतं. पण एक नट एअर गननं (हवेवर नट आवळणारं यंत्र) ठोकून मग दुसऱ्याकडे गेलात की चाक जिथे असेल तिथेच अडकतं. रिंग आहे ती या घाईवरचा उपाय.

५६.१ ची रिंग शोधायला बराच वेळ गेला. प्लास्टिकच्या होत्या, ॲल्युमिनियमच्या मागवाव्या लागल्या. तो वेळ माझा गेला याचा अर्धा स्टार कमी. प्लास्टिकच्या चालल्या असत्या, पण माझं माहेर कणकवलीला. फोंडा घाट उतरताना ब्रेक तापतात, तिथे हबवर प्लास्टिक मला नको होतं. ॲल्युमिनियमचा दोष असा की पावसाळ्यात ती लोखंडी हबला चिकटून बसते आणि पुढच्या वेळी चाक निघत नाही. म्हणून हबच्या उंचवट्याच्या गोल कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात. तोंडावर नाही, स्टडवर तर मुळीच नाही.

चाक चढवायच्या आधी हबचं तोंड साफ करायची या दुकानात पद्धत नव्हती. मी सांगितल्यावर पोरानं ड्रिलला वायर ब्रश लावून घासलं. दहा पावसाळ्यांचा गंज खपल्या होऊन पडला. ब्रेक डिस्कवरचे दोन स्क्रू तोंडाच्या वर आलेले नाहीत ना, तेही बोट फिरवून पाहिलं. नव्या चाकाच्या मागच्या बाजूला रंगाचा एक थेंब सुकलेला होता, तो खरवडला. हे असलं काही मध्ये राहिलं की आज नट घट्ट वाटतो, थोडं चालल्यावर थेंब चेपतो आणि नट सैल.

नटांच्या बाबतीत मात्र दुकानानं मला खूश केलं. होंडाच्या मूळ नटाचा बसायचा भाग गोल असतो, चेंडूचा तुकडा कापल्यासारखा. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलचं भोक साठ अंशाच्या शंकूचं असतं. गोल नट शंकूत घातला तर तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक कडेवर उभा राहतो. घट्ट लागतो, पाना थांबतो, सगळं ठीक दिसतं आणि ती कडा पुढे दबत जाते. आटे तेच, एम१२ (बारा मिलीमीटर जाडी) आणि १.५ चा पिच (एका फेरीत दीड मिलीमीटर पुढे), म्हणून जुना नट नव्या चाकात बिनतक्रार फिरतो. धोका तिथेच आहे. मी काही बोलायच्या आत मालकांनी जुने सोळा नट पिशवीत घालून बाजूला ठेवले आणि शंकूचे नवे काढले. म्हणाले, “होंडाला हे बदलल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.” शाब्बास. एक नट उघडा फिरवून फेऱ्या मोजल्या. बारा मिलीमीटरच्या स्टडवर निदान बारा मिलीमीटर आटा धरायला हवा, म्हणजे दीडच्या पिचला आठ पूर्ण फेऱ्या. त्याहून जास्त भरल्या. चाकाची मधली पट्टी जाड असेल तर इथेच कमी पडतं, आणि वर कुणी स्पेसर (चाक बाहेर आणायची चकती) घातला असेल तर विचारायलाच नको.

मग पोरानं तेलाची बुधली उचलली.

“स्टडला नको.”

“ऑइल घातलं की गंज धरत न्हाई ओ ताई.”

गंज धरत नाही हे खरं. पण होंडाचा नट आवळायचा १०८ न्यूटन मीटरचा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यासाठी आहे. कोरड्या आट्यावर १०८ लावले की स्टडवर साधारण ४५ किलोन्यूटनचा ताण येतो, म्हणजे साडेचार टनाच्या वर. चार स्टड मिळून अठरा टनांनी चाक हबवर दाबून धरलेलं असतं. तेल लावलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच १०८ ला ताण साठ किलोन्यूटनच्या घरात जाऊ शकतो. रेंच ‘कट्’ वाजवून बरोबर सांगतो आणि स्टड बिचारा ताणला जातो. बुधली खाली गेली.

एअर गन. इथे माझा पूर्ण एक स्टार गेला. दुकानात टॉर्क रेंच आहे, भिंतीवर आहे, वापरतातही. पण आधी गननं पूर्ण ठोकायचं आणि मग रेंच लावून ‘कट्’ ऐकवायचा, अशी रीत. गननं १५० वर गेलेल्या नटाला १०८ चा रेंच लावला तर तो लगेच वाजणारच, त्यानं काय सिद्ध झालं? माझ्या गाडीला त्यांनी माझ्या सांगण्यावरून सगळं हातानं केलं: जॅकवर असताना बोटांनी, मग पान्यानं समोरासमोर हलके, चाक जमिनीला टेकल्यावर रेंचनं आधी ६० आणि मग १०८. शेजारच्या गाडीला मात्र त्याच वेळी गन चालू होती, आणि त्या गाडीचा मालक चहा पीत होता.

रेंच स्केलवर १०८ लाच सेट करून टांगलेला. स्प्रिंग दाबलेली राहते, काही महिन्यांनी आकडा खोटा होतो. वापरून झाला की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, “मग मॅडम, तुम्हीच बघा की बरोबर आहे का.” नेला स्टँडर्ड रूमला. १०८ ला लावल्यावर १०५ च्या आसपास वाजत होता. अशा रेंचला चार टक्के मागेपुढे चालतं, त्यामुळे पास. परत नेऊन दिला तेव्हा शून्याशेजारी मार्करनं खूण केलेली दिसली. रेंच मात्र पुढच्या वेळी गेले तेव्हा पुन्हा १०८ लाच.

बॅलन्सिंगची वजनं चिकटवायची लावली, कडेला ठोकायची नाही, हे चांगलं. फक्त एक वजन आतल्या बाजूला ब्रेकच्या कॅलिपरच्या फार जवळ आलं होतं. चाक हातानं फिरवल्यावर घासल्याचा आवाज आला. काढून दोन भाग करून पुढेमागे लावलं. चाक बसवल्यावर हातानं एक फेरी फिरवून ऐकायचं, याला पैसे पडत नाहीत.

पहिला लांबचा प्रवास कणकवलीचाच झाला. राधानगरीमार्गे फोंडा घाट. सपाट रस्त्यावर ९० ला स्टीअरिंग शांत होतं. आवाज जुन्यापेक्षा थोडा जास्त, खड्डे जास्त स्पष्ट कळतात, वळणावर गाडी जास्त नेटकी. माहेरी पोचल्यावर चाकं गार होऊ दिली आणि घरचा रेंच लावला. नव्या चाकांना पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासायचा असतो, रंग आणि बसण्याच्या जागा चेपून जरा सैल होतात म्हणून. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले, बाकीचे जागेवर. दुकानानं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. उरलेला अर्धा स्टार इथे वाटेत गळून पडला, कारण ज्याच्याकडे रेंच नाही त्याला हे सांगायलाच हवं. नंतर विचारलं तर म्हणाले, “या की कधीपण, फुकट करून देतो.” फुकट देताय तर बिलावर लिहा ना.

वर अर्धा कौतुकाचा मिळवला की साडेतीनचा हिशेब बसतो. आमच्या स्टँडर्ड रूममध्ये असा हिशेब पास झाला नसता, पण असो.

स्टेपनीचं कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. माझी स्टेपनी जुनीच, १५ इंची लोखंडी. व्यास जवळपास तोच, त्यामुळे गाव गाठायला चालते. पण तिची भोकं गोल नटांची आहेत. रात्री घाटात पंक्चर झाली आणि नवे शंकूचे नट लोखंडी रिमवर घातले तर तीच गडबड, उलट्या बाजूनं. म्हणून जुन्या नटांपैकी चार जॅकच्या पिशवीत आहेत. दुकानात ते भंगारात जायच्या बेतात असतात, मागून घ्या. आणि नवे नट बारीक तोंडाचे, खास किल्लीचे असतील तर ती किल्ली गाडीतच ठेवा, घरच्या ड्रॉवरमध्ये नको. मॅगव्हीलच्या भोकात जाड सॉकेट जात नाही, तेव्हा गाडीतला पाना घरीच एकदा लावून बघा.

पैसे: चार चाकं २६,०००, नट आणि रिंग मिळून १,८००, टायर वेगळे. फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट चाकांबरोबर धरलेलं. जुन्या रिमना भाव अगदीच कमी दिला, वाकलेल्या दोन तर भंगाराच्याच दरानं. पक्कं बिल मागितल्यावर लगेच मिळालं. ते इन्शुरन्सच्या एजंटला पाठवून चाकांची नोंद पॉलिसीत करून घेतली, नाहीतर क्लेमच्या वेळी मॅगव्हीलचा खर्च कापतात.

जायचं असेल तर रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी गेलात तर मालक स्वतः असतात आणि पोराच्या हातात गन नसते. चाक पसंत करायच्या आधी रिंगचा डबा मागा, आतला व्यास स्वतः मोजा. व्हर्नियर नसेल तर त्यांच्याकडे आहे, काउंटरच्या दुसऱ्या खणात, बॅटरी मात्र आपली न्या.